सरव्यापासून अन्नबँकेपर्यंत : उरलेले अन्न भुकेल्यापर्यंत नेणाऱ्या नव्या वाटा

शेताची कापणी करताना कडेकोपऱ्यापर्यंत सर्वच्या सर्व पीक कापून नेऊ नये, खाली गळलेली कणसे पुन्हा वेचू नयेत, द्राक्षमळ्यात राहून गेलेली फळे तशीच राहू द्यावीत. ती गरिबांची व परक्यांची आहेत, असा दंडक जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात घालून दिलेला आहे. याच दंडकाच्या आधाराने परदेशी विधवा रूथ बेथलेहेमातील बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली आणि आपले व आपल्या सासूचे पोट भरू शकली. या व्यवस्थेतील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शेतमालकाने गरिबाच्या हाती आयती पेंढी ठेवावी, असे तेथे म्हटलेले नाही. गरिबाने स्वतः शेतात यावे, स्वतःच्या हातांनी वेचावे आणि ताठ मानेने घरी न्यावे, अशी ती योजना होती.

आज शेत आणि भुकेला मनुष्य यांच्यामध्ये कारखाने, गोदामे, मोठमोठी दुकाने आणि उपाहारगृहे उभी आहेत. सरवा आजही पडतो. परंतु तो शेतात न पडता गोदामाच्या मागच्या दाराशी, दुकानाच्या कचराकुंडीत आणि लग्नाच्या मांडवामागे पडतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगातील घरे, उपाहारगृहे व किरकोळ दुकाने यांतून मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा होतो आणि त्यातील सुमारे ६० टक्के नासाडी घराघरांत झालेली आहे. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रसंघाच्याच अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी माणसे उपाशी होती.

म्हणजे प्रश्न केवळ धान्य पिकविण्याचा नाही. ते पोहोचविण्याचाही आहे. आणि पोहोचविताना कोणाला काय द्यायचे, हे कोणी ठरवायचे, हा त्याहूनही अवघड प्रश्न आहे. गेल्या सुमारे साठ वर्षांत या प्रश्नांना जगात ठिकठिकाणी जी नवी आणि काही वेळा चमत्कारिक वाटावी अशी उत्तरे शोधली गेली, त्यांची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

फिनिक्सच्या धर्मग्रामात

आज जगभर जिला 'फूड बँक' अर्थात अन्नबँक म्हणून ओळखतात, त्या कल्पनेचा उगम अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या फिनिक्स शहरात झाला. जॉन व्हॅन हेंगल हे मूळचे विस्कॉन्सिन राज्यातील कॅथलिक गृहस्थ. त्यांचा जन्म १९२३ चा. शरीराला झालेल्या गंभीर इजेतून सावरण्यासाठी ते ॲरिझोनाच्या उबदार हवेत आले आणि संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या भोजनगृहात सेवा करू लागले. त्या परिसरातील बागांत संत्रीमोसंबीची झाडे फळांनी लगडलेली असत आणि कितीतरी फळे तोडणीअभावी वाया जात. मालकांची परवानगी घेऊन व्हॅन हेंगल ती फळे उतरवून आणू लागले आणि एका जुन्या दुधाच्या गाडीतून गोरगरिबांसाठी चालणाऱ्या संस्थांना पोहोचवू लागले. थोडक्यात, त्यांनी सरवा वेचण्यापासूनच आरंभ केला.

याच काळात त्यांची एका मातेशी भेट झाली. तिला दहा मुले होती व पती तुरुंगात होता. एका मोठ्या किराणा दुकानामागे टाकून दिलेल्या मालातून ती मुलांसाठी अन्न मिळवीत असे. टाकलेल्या त्या मालात गोठविलेले पदार्थ, भाज्या, पाव असे कितीतरी खाण्याजोगे असते, हे तिने त्यांच्या नजरेस आणून दिले. ज्याप्रमाणे लोक बँकेत पैसे ठेवतात व गरजेच्या वेळी काढतात, त्याप्रमाणे अन्न ठेवण्याची व काढण्याची एखादी जागा असावी, अशी कल्पना तिनेच बोलून दाखविली. एवढ्या मोठ्या चळवळीचे नाव आणि मूळ कल्पना कोणा तज्ज्ञाकडून न येता एका भुकेल्या घरातील आईकडून आली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

व्हॅन हेंगल यांनी आपल्या धर्मग्रामाकडे, म्हणजे सेंट मेरीज चर्चकडे धाव घेतली. तेथील फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी वापरात नसलेली एक जुनी बेकरी त्यांच्या स्वाधीन केली आणि ३,००० डॉलर हाती दिले. अशा रीतीने १९६७ मध्ये 'सेंट मेरीज फूड बँक' सुरू झाली. पहिल्याच वर्षी तिने २ लाख ७५ हजार पौंड, म्हणजे सुमारे सव्वा लाख किलो अन्न वाटले.

या बँकेची कार्यपद्धती समजून घेतली पाहिजे. अन्नबँक बहुधा थेट भुकेल्याच्या हाती अन्न देत नाही. कारखानदार, घाऊक व्यापारी, शेतकरी आणि दुकानदार यांच्याकडील विक्रीस न जाणारा, परंतु खाण्यास योग्य असा माल ती गोळा करते. वेष्टन चेपलेले, लेबल चुकलेले, मुदत जवळ आलेले किंवा गरजेपेक्षा अधिक तयार झालेले, असा हा माल असतो. तो गोदामात तपासला जातो, निवडला जातो, साठविला जातो आणि मग धर्मग्राम, अनाथालये, भोजनगृहे, वृद्धाश्रम अशा संस्थांना दिला जातो. लहान संस्थेला एका वेळी ट्रकभर दूध पावडर घेणे शक्य नसते आणि कारखानदाराला शंभर संस्थांशी व्यवहार करणे शक्य नसते. या दोहोंमधील दरी अन्नबँक भरून काढते.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या करकायद्यात बदल होऊन अन्नदान करणाऱ्या कंपन्यांना अधिक सवलत मिळू लागली आणि चळवळीने वेग घेतला. त्याच सुमारास व्हॅन हेंगल यांनी 'सेकंड हार्वेस्ट', म्हणजे दुसरी सुगी, या नावाने देशव्यापी जाळे विणण्यास आरंभ केला. तेच जाळे २००८ पासून 'फीडिंग अमेरिका' या नावाने ओळखले जाते आणि सुमारे २०० अन्नबँका त्यात सामील आहेत. व्हॅन हेंगल २००५ मध्ये फिनिक्स येथेच प्रभुचरणी विलीन झाले.

एका धर्मभगिनीचा लेख

युरोपात ही कल्पना रुजली तीदेखील एका धर्मभगिनीच्या लेखणीमुळे. १९८४ मध्ये सिस्टर सेसिल बिगो यांनी 'ला क्रुआ' या फ्रेंच कॅथलिक दैनिकात लेख लिहिला. एकीकडे माणसे उपाशी आहेत आणि दुसरीकडे अन्न फेकले जात आहे, ही विसंगती त्यांनी मांडली. तो वाचून बर्नार्ड दांद्रेल यांनी पुढाकार घेतला आणि काही सेवाभावी संस्थांच्या साहाय्याने त्याच वर्षी पॅरिस परिसरात युरोपातील पहिली अन्नबँक उभी राहिली. १९८६ मध्ये युरोपीय अन्नबँकांचा महासंघ स्थापन झाला. या महासंघाच्या प्रतिनिधींना पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये व्हॅटिकनमध्ये भेट दिली होती. अन्न फेकून देणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरण्यासारखे आहे, हा विचार ते आपल्या पदग्रहणाच्या वर्षापासून, म्हणजे २०१३ पासून मांडत आले होते.

बटाट्यांच्या गावी बटाटे

अन्न गोळा झाले, गोदामे उभी राहिली, तरी वाटपाचा पेच शिल्लकच होता. अमेरिकेतील मध्यवर्ती कार्यालयाकडे देशभरातून ट्रकच्या ट्रक भरून दान येत असे. ते कोणत्या अन्नबँकेला द्यायचे, यासाठी रांगेची पद्धत होती. प्रत्येक अन्नबँकेच्या परिसरातील गरिबांची संख्या पाहून तिला आजवर किती वजनाचे अन्न मिळाले, याचा हिशेब ठेवला जाई. जिला आपल्या वाट्यापेक्षा कमी मिळाले असेल ती रांगेत पुढे. ट्रक आला की तिला दूरध्वनी जाई आणि काही तासांच्या आत तिने हो किंवा नाही सांगायचे. वाहतुकीचा खर्च मात्र तिनेच करायचा.

वरवर पाहता ही पद्धत अत्यंत न्याय्य वाटते. परंतु तिच्यात मोठा दोष होता. एक किलो बटाटे आणि एक किलो शेंगदाण्याचे लोणी यांचे मोल तिच्या लेखी सारखेच होते. एखाद्या अन्नबँकेच्या गोदामात आधीच काय पडून आहे, याची मध्यवर्ती कार्यालयाला कल्पना नसे. त्यामुळे आयडाहो राज्याला, जे बटाट्यांसाठी अमेरिकेत सर्वांत प्रसिद्ध आहे, दानातले बटाटेच देऊ केले जात. ज्यांच्याकडे भाजीपाला भरपूर होता त्यांना आणखी भाजीपाला मिळे. ज्यांना लहान मुलांसाठी न्याहारीचे धान्य हवे होते त्यांना ते मिळत नसे. वजनाच्या काट्यावर न्याय होत होता, पण ताटात तो दिसत नव्हता.

खोट्या चलनाचा खरा बाजार

२००४ मध्ये या संस्थेने शिकागो विद्यापीठातील काही प्राध्यापकांना व अन्नबँकांच्या संचालकांना एकत्र बसविले. अर्थशास्त्रज्ञ कॅनिस प्रेंडरगास्ट हे त्यांपैकी एक. त्यांनी सुचविलेला उपाय ऐकून अनेकांना धक्का बसला. अन्नदानाचे वाटप लिलावाने करावे, असे त्यांचे म्हणणे होते.

पश्चिम मिशिगनमधील अन्नबँकेचे संचालक जॉन अर्नोल्ड यांनी तर उघड विरोध केला. आपण समाजवादी आहोत, बाजारावर आपला विश्वास नाही, म्हणूनच तर आपण अन्नबँक चालवितो, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. त्यांची शंका रास्त होती. बाजारात ज्याच्याकडे पैसा त्याचीच सरशी होते. बाजाराने ज्यांना उपाशी ठेवले, त्यांच्यासाठी पुन्हा बाजारच कशाला?

या शंकेचे उत्तर योजनेच्या रचनेत शोधले गेले. या लिलावात खरा पैसा वापरायचाच नाही, असे ठरले. त्यासाठी 'शेअर' नावाचे एक कृत्रिम चलन निर्माण करण्यात आले. ज्या अन्नबँकेच्या परिसरात गरिबी अधिक, तिला शेअर अधिक. म्हणजे या बाजारात सर्वांत श्रीमंत तोच, ज्याच्या दारी सर्वांत अधिक गरीब. जगातील इतर कोणत्याही बाजाराच्या नेमके उलट असे हे सूत्र आहे.

२००५ च्या जुलैमध्ये ही योजना सुरू झाली. तिचे कामकाज असे चालू लागले. दिवसातून दोनदा लिलाव. देशभरातून आलेल्या मालाची यादी सर्व अन्नबँकांना संगणकावर दिसते. कोणता माल, किती, कोठे आहे, हे पाहून प्रत्येक अन्नबँक आपली बोली गुप्तपणे नोंदविते. सर्वाधिक बोली लावणाऱ्यास माल मिळतो. वापरले गेलेले शेअर रात्री गरजेच्या प्रमाणात सर्वांमध्ये पुन्हा वाटले जातात, त्यामुळे चलन आटत नाही आणि कोणाकडे कायमचे साठूनही राहत नाही. जिच्याकडे एखादा माल अतिरिक्त झाला असेल ती अन्नबँक तो या बाजारात ठेवून शेअर मिळवू शकते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका अन्नबँकेच्या परिसरात फळबागा पुष्कळ आहेत. तिला फळे नकोत, तिला शेवया व डबाबंद कडधान्य हवे आहे. ती शेअर साठविते आणि हव्या त्या दिवशी मोठी बोली लावते. दुसऱ्या एका गरीब भागातील अन्नबँकेला स्थानिक दान फारसे मिळत नाही. तिला जे मिळेल ते व भरपूर हवे आहे. ती स्वस्तातील माल थोड्या शेअरमध्ये अधिक प्रमाणात घेते. दोघींना आपापल्या गरजेप्रमाणे मिळते आणि कोणीही कोणाच्या वतीने अंदाज बांधत नाही.

न्याहारीचे धान्य, शेवया यांसारख्या टिकाऊ वस्तूंचे मोल या बाजारात मोठे असते. लवकर नासणाऱ्या मालाचे अगदी थोडे. काही वेळा तर मोल शून्याच्याही खाली जाते. म्हणजे अडचणीचा माल उचलून नेणाऱ्या अन्नबँकेला वर शेअर दिले जातात. कारण तो माल तसाच राहिला, तर दाता पुढच्या वेळी अन्नबँकेकडे न येता कचराकुंडीकडे जाईल.

लहान अन्नबँकांवर अन्याय होऊ नये म्हणूनही तजवीज करण्यात आली. दोन लहान अन्नबँका मिळून एक बोली लावू शकतात. गरज पडल्यास त्यांना शेअर उसने मिळतात. ज्यांना लिलावात वेळ घालविणे शक्य नसेल त्यांच्या वतीने मध्यवर्ती कार्यालयातील कर्मचारी बोली लावू शकतात. योजना सुरू झाल्यावर दानात येणारा मालही वाढला. जो माल पूर्वी गोदामात पडून राही किंवा नाकारला जाई, त्याला आता घेणारा मिळू लागला होता.

येथे बाजार हे केवळ साधन आहे. त्यामागचा हेतू गरजेचा मान राखण्याचा आहे. देणाऱ्याने ठरविलेली गरज आणि घेणाऱ्याची खरी गरज या दोन गोष्टी पुष्कळदा निराळ्या असतात, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

पिशवी की निवड?

हाच विचार व्यक्तींच्या बाबतीतही लागू पडतो. गरजू कुटुंबासाठी शिध्याची पिशवी आधीच बांधून ठेवायची आणि प्रत्येकाला एकसारखी द्यायची, ही सर्वत्र चालत आलेली रीत. परंतु पिशवीतील सर्वच वस्तू प्रत्येक घरात उपयोगी पडतात असे नाही. मधुमेही वृद्धेला साखर, चूल नसलेल्याला कच्चे धान्य, तान्हे मूल असलेल्या मातेला मसाल्याची पुडी, असे घडते. वर उल्लेखिलेले जॉन अर्नोल्ड याच कारणास्तव पिशवी देण्याच्या पद्धतीवर टीका करीत आणि फळ्यांवर वस्तू मांडून ठेवाव्यात व कुटुंबाने आपल्याला हवे ते निवडावे, असा आग्रह धरीत. आज अमेरिकेतील अनेक अन्नकेंद्रांत दुकानात फिरावे तसे फिरून वस्तू निवडता येतात. असे केल्याने वाया जाणारे अन्न कमी होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आलेल्या माणसाला आपण याचक आहोत असे वाटत नाही. रूथने स्वतःच्या हातांनी सरवा वेचावा, या जुन्या नियमाचे मर्म यात उमटलेले दिसते.

रस्त्यावरचा फ्रीज

सर्वच वाटा मोठ्या गोदामांतून जात नाहीत. जर्मनीत २०१२ च्या अखेरीस 'फूडशेअरिंग' नावाची चळवळ सुरू झाली. स्वयंसेवक दुकाने व बेकऱ्यांतून दिवसअखेर उरलेला माल गोळा करतात आणि ठरलेल्या ठिकाणच्या कपाटांत व फ्रीजमध्ये ठेवतात. तेथून कोणीही, काहीही कारण न सांगता, हवे ते न्यावे. गरिबीचा दाखला नाही, नावाची नोंद नाही. २०१६ मध्ये बर्लिनमधील अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी या फ्रीजना खाद्यव्यवसायाचे कठोर नियम लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मोठा वाद उभा राहिला. खाल्लेल्या अन्नापासून बाधा झाली तर जबाबदारी कोणाची, हा अधिकाऱ्यांचा प्रश्न होता. शेजाऱ्याला भाजी देणे हा काय व्यवसाय आहे, असा स्वयंसेवकांचा सवाल होता.

स्पेनच्या बास्क प्रांतातील गाल्डाकाओ या लहानशा शहराने २०१५ मध्ये याच पेचातून समंजस वाट काढली. रस्त्याच्या कडेला एक फ्रीज ठेवण्यात आला. नगरपालिकेने त्याला मान्यता व आर्थिक साहाय्य दिले. नियम मोजकेच : कच्चे मांस, कच्ची मासळी व अंडी ठेवू नयेत, मुदत संपलेला माल ठेवू नये, घरी शिजविलेल्या पदार्थावर तो केव्हा केला त्याची चिठ्ठी लावावी. स्वयंसेवक रोज येऊन पाहणी करीत. आपल्या देशातही २०१६ मध्ये केरळातील कोची शहरात एका उपाहारगृहाच्या चालक भगिनीने आपल्या दारात असाच फ्रीज ठेवला आणि उरलेले अन्न त्यात ठेवण्याचे आवाहन गिऱ्हाइकांना केले. 'नन्म मरम', म्हणजे चांगुलपणाचे झाड, असे त्याचे नाव.

आयर्लंडमध्ये २०१३ साली स्थापन झालेल्या 'फूडक्लाउड' या संस्थेने फ्रीजऐवजी भ्रमणध्वनीचा आधार घेतला. सायंकाळी दुकानात किती माल उरला, याची नोंद कर्मचारी यंत्रावर करतो. त्या दुकानाशी जोडलेल्या सेवाभावी संस्थेला लगेच संदेश जातो आणि तिचे लोक येऊन माल घेऊन जातात. या पद्धतीत गोदाम लागत नाही, साठवण लागत नाही. केवळ योग्य वेळी पोहोचलेला निरोप.

फिलिपिन्समधील हातगाडी

कोरोना महामारीच्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, फिलिपिन्समधील केझॉन सिटी येथे मागिनहावा नावाच्या रस्त्यावर ॲना पॅट्रिशिया नॉन या तरुणीने बांबूची एक हातगाडी उभी केली. तीवर थोडे तांदूळ, भाज्या, डबाबंद पदार्थ ठेवले आणि ज्याला जमेल त्याने द्यावे, ज्याला गरज असेल त्याने गरजेपुरते घ्यावे, अशा अर्थाचा फलक लावला. टाळेबंदीने रोजगार गमावलेली माणसे रांगेत उभी राहू लागली. शेतकरी भाजीपाला व मच्छीमार मासळी आणून देऊ लागले. काही दिवसांतच देशभर अशा शेकडो हातगाड्या उभ्या राहिल्या. कित्येक धर्मग्रामांनीही चर्चच्या आवारात तशीच सोय केली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आरंभीच्या ख्रिस्ती समुदायाचे जे वर्णन आहे, त्याची आठवण अनेकांना झाली.

मात्र याच कार्यामुळे तिच्यावर साम्यवादी असल्याचे आरोप झाले आणि सुरक्षेच्या चिंतेने तिला काही काळ हातगाडी बंद ठेवावी लागली. धर्मगुरू, नागरिक व लोकप्रतिनिधी तिच्या पाठीशी उभे राहिले आणि गाडी पुन्हा सुरू झाली. भुकेल्याला अन्न देणे हे कोणाला गैर वाटणार नाही, असे आपण समजतो. पण भूक उघड्यावर रांग लावून उभी राहिली की ती सत्तेला प्रश्न विचारू लागते, हेही या घटनेने दाखविले.

आपल्या महाराष्ट्रात

मुंबईचे डबेवाले सव्वाशेहून अधिक वर्षे घरचे अन्न कचेरीपर्यंत पोहोचवीत आले आहेत. २०१५ मध्ये त्यांनी 'रोटी बँक' सुरू केली. लग्नकार्ये व समारंभांत उरलेले अन्न उचलून ते रस्त्यावर व रुग्णालयांबाहेर राहणाऱ्यांना वाटू लागले. अन्न वेळेवर व न सांडता नेण्याचे कसब त्यांच्या अंगी पिढ्यान्पिढ्या मुरलेले. त्याच कसबाचा हा नवा उपयोग. पुढे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकारानेही 'रोटी बँक' नावाचा उपक्रम उभा राहिला. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथेही २०१५ मध्येच मुस्लीम बांधवांनी रोटी बँक सुरू केली. सदस्य होणाऱ्याने आपल्या घरच्या स्वयंपाकातून रोज पोळ्या व भाजी आणून द्यायची, अशी तिची रीत. समारंभात उरलेल्या अन्नाची वाट न पाहता, आपल्या घरच्या ताज्या स्वयंपाकातच आणखी एका माणसाचा वाटा धरायचा, ही तिची विशेषता.

कायद्याचे साहाय्य आणि अन्नाची सुरक्षितता

दात्यांना सर्वांत मोठी भीती असते ती दोषारोपाची. कोणी आजारी पडले तर? अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा करून प्रामाणिक हेतूने अन्नदान करणाऱ्यास कायदेशीर संरक्षण दिले. त्या कायद्याच्या नावात दयाळू शोमरोन्याचा उल्लेख आहे, हे विशेष. फ्रान्सने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांनी खाण्यायोग्य माल हेतुपुरस्सर नासवू नये आणि तो देण्यासाठी सेवाभावी संस्थेशी करार करावा, असे बंधन तेथील कायद्याने घातले. भारतात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये अतिरिक्त अन्नाचे संकलन व वितरण यासंबंधी नियम जारी केले.

ज्या धर्मग्रामांत असे कार्य करण्याचा विचार असेल त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेचे काही साधे दंडक ध्यानात ठेवावेत. शिजविलेले अन्न साधारण तापमानात दोन तासांपेक्षा अधिक काळ राहू देऊ नये. ते ६० अंश सेल्सिअसपेक्षा गरम तरी ठेवावे किंवा ५ अंशांपेक्षा थंड तरी; या दोहोंमधील तापमानात रोगजंतू झपाट्याने वाढतात. पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत वाफाळले पाहिजे. भाताच्या बाबतीत विशेष दक्षता हवी, कारण त्यात वाढणाऱ्या एका जंतूचे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. लग्नात दुपारी रांधलेला पुलाव रात्री मांडव आवरताना उचलून वाटणे हे म्हणूनच धोक्याचे ठरते. जेवणावळ सुरू होण्यापूर्वीच वाढप्यांना सांगून, न वाढलेले अन्न वेगळे झाकून ठेवणे आणि ते नेणाऱ्यांना आधीच कळविणे हा उत्तम मार्ग होय. ताटात उष्टे राहिलेले अन्न कोणालाही देऊ नये, हे तर सांगावयास नकोच.

अन्नबँकेने काय साधत नाही

या सर्व उपक्रमांची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. अन्नबँक भूक भागविते. गरिबी दूर करीत नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशात साठ वर्षांनंतरही अन्नबँकांपुढच्या रांगा संपलेल्या नाहीत, ही त्या देशासाठी अभिमानाची गोष्ट नव्हे. पुरेसे वेतन, रोजगार आणि शिधावाटपाचा हक्क यांची जागा उरलेले अन्न घेऊ शकत नाही. आपल्या देशात २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य हा पात्र कुटुंबांचा हक्क ठरविला आहे. ज्या कुटुंबाची शिधापत्रिका अडली आहे, त्याला पिशवीभर तांदूळ देण्याबरोबरच कचेरीत त्याच्यासोबत जाणे हीसुद्धा अन्नसेवाच आहे.

पाच भाकरी व दोन मासळ्यांचा चमत्कार आपणास सर्वांना ठाऊक आहे. हजारोंचे पोट भरल्यानंतर प्रभू येशूने शिष्यांना एक काम सांगितले, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. उरलेले तुकडे गोळा करण्यास त्याने सांगितले आणि ते बारा टोपल्या भरले. ज्याला भाकरी वाढविता येत होती, त्यालाही तुकडा वाया गेलेला चालला नाही. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला, लग्नाला, बारशाला मांडव घालताना पाहुण्यांची यादी आपण काळजीपूर्वक करतो. त्याच वेळी उरणाऱ्या टोपल्या कोण उचलणार, कोठे नेणार आणि ज्यांच्याकडे नेणार त्यांना नेमके काय हवे आहे, हेही ठरवून ठेवावे. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद जेथे आहेत तेथे हा निरोप आठवडाभर आधी त्यांच्याकडे पोहोचला, तरी पुष्कळ काही साधेल.